आईचं दूध उतरेपर्यंत

वसंता,

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही गोदावरीवरून परत आलो, तेव्हा वहिनींनी मला बाजूला घेऊन पहिली गोष्ट विचारली ती पिल्लांची. घर पाहुण्यांनी भरलं होतं. मागच्या खोलीत तुझी कुत्री मैना चार पिल्लांना घेऊन पडली होती आणि त्या गर्दीकडे कान टवकारून बघत होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यांचं आता कोण करणार? माझ्याच्यानं नाही होणार. तेराव्याच्या आत कोणाला तरी देऊन टाका." रडून रडून त्यांचा आवाज बसला होता, पण त्या वेळी त्या रडत नव्हत्या. दमल्या होत्या. मी म्हणालो, "देऊ या. पण आत्ता नाही देता येणार. अजून दोन सुया राहिल्यात."

 "तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाल्या आणि चहा गाळायला गेल्या.

तुझ्यावर लिहून द्या म्हणून कॉलनीतले लोक माझ्या मागे लागले होते. तुझं शिक्षण, नोकरी, बदल्या हे सगळं दुसऱ्या कोणी तरी लिहून दिलंय, आणि बरं लिहिलंय. मला ते जमलं नसतं. मी रोज संध्याकाळी चार ओळी लिहितो आणि त्यातल्या दोन खोडतो. तू असतास तर म्हणाला असतास, "मास्तर, परीक्षेचा पेपर न्हाई. लिही की सरळ."

आपली ओळखच कुत्र्यांमुळे झाली. भूकंपानंतरच्या हिवाळ्यात मी नांदेडहून कॉलेजची पोरं घेऊन किल्लारीकडे आलो होतो, पत्र्याच्या शेडमध्ये मुलांची शाळा भरवायला. तू सरकारी गुरांचा डॉक्टर. जी जनावरं वाचली होती त्यांच्या जखमा धुवायच्या, हे तुझं काम. पण त्या दिवसांत शेडमधल्या माणसांना गुरांइतकीच कुत्री पाहिजे होती. जमीन हलायच्या आधी कुत्री रडत होती आणि आम्ही पांघरुणातून त्यांना शिव्या घातल्या, असं जो तो सांगायचा. म्हणून आता प्रत्येक पत्र्यापुढं एक तरी कुत्रं बांधलेलं. ते जरा कुईं करायला लागलं की माणसं लेकरं उचलून बाहेर.

त्या कुत्र्यांत रोग शिरला. डोळ्यांना चिपडं, नाक वाहायचं, मग झटके यायचे. तू लातूरहून थर्मासमध्ये बर्फ घालून लशीच्या थोड्या बाटल्या आणल्यास. बाटल्या कमी आणि पिल्लं फार. सगळे जिला मामी म्हणायचे त्या म्हातारीकडे कुत्रीसकट चार पिल्लं होती. शेजारच्या पत्र्यात त्याच वयाचं एक पिल्लू होतं, शेळीच्या दुधावर वाढवलेलं. ते जन्मलं त्याच पहाटे त्याची आई भिंतीखाली गेली होती. तू त्या बिनआईच्या पिल्लाला सुई दिलीस आणि मामीच्या दारावरून पुढं जायला लागलास, तशी तिनं हटकलं.

"डाक्टर, त्या एकट्याला सुई अन् माझ्या चार जिवांला न्हाई? का बरं?"

तू खाली मातीत बसलास. म्हणालास, "मामी, पिल्लू जन्मलं की पहिल्या दिवसाचा चीक पितं बघा. आईनं आजवर जेवढे रोग पचवले, त्यांच्याशी लढायची ताकद त्या चिकातून पिल्लात येती. तुमच्या पिल्लांच्या अंगात ती हाय. आज मी लस टोचली तर ती ताकद लशीलाच रोग समजून मारून टाकील. अंगाला काही शिकायला मिळणारच न्हाई. त्या बिनआईच्याला चीक मिळाला न्हाई. त्याच्या अंगात आडवं येणारं कोणी न्हाई. त्याला लस लागंल."

"म्हंजी आई हाय म्हणून सुई न्हाई."

"अजून न्हाई. आईचं दूध, म्हंजी तिची ताकद, पिल्लांच्या अंगातून उतरू द्या."

"कवा उतरंल?"

तू थर्मास उचलून पुढच्या पत्र्याकडे निघालास. त्या दिवशी परतीच्या जीपमध्ये मी तुझ्याशी पहिल्यांदा भांडलो. आपली धड ओळखही झाली नव्हती. मी म्हणालो, प्राणिशास्त्र शिकवतो मी, 'कधी' या प्रश्नाला उत्तर नसतं असं कसं? तू म्हणालास, "मास्तर, तारीख तुमच्या फळ्यावर असती. इथं चार पिल्लांच्या चार तारखा हायत. जे जोरानं चोखतं त्याच्या अंगात जास्त, जे मागं ढकललं जातं त्याच्यात कमी. वरून चौघं सारखीच दिसतात."

काही आठवड्यांनी तू पुन्हा बर्फ घेऊन गेलास. मामीची तीनच पिल्लं उरली होती. सगळ्यात बारकं गेलं होतं. त्याला पाजताना भावंडांनी मागं सारलं होतं, त्याचं दूध आधीच उतरून गेलं आणि आपण पोचलो नव्हतो.  मामीनं कप विसळून तुला चहा दिला. तेच तुला लागलं. जीपमध्ये तू नंतर एकदाच म्हणालास, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्या दिवसापासून तू थांबणं सोडून दिलंस. तू मला समजावलं होतंस ते असं: मध्ये एक काळ येतोच, तेव्हा आईनं दिलेली ताकद रोगाला अडवायला पुरत नाही, पण लशीला अडवायला पुरते. त्या काळात पिल्लू उघड्यावर असतं. तो काळ कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे बाहेरून दिसत नाही. म्हणून तू पहिली सुई दोन महिन्यांच्या आसपास द्यायचास, मग पुन्हा, मग चौथा महिना भरल्यावर पुन्हा. मी म्हणायचो, "म्हणजे पहिली बहुतेकांना वाया जाणार हे माहीत असून देतोस. याला शास्त्र म्हणत नाहीत. रक्त तपास, ताकद मोज, आणि योग्य वेळी एकच दे." तू म्हणायचास, "चारांतल्या एकासाठी देतो. तो एक कोणता ते कळत न्हाई, म्हणून चारांना देतो. मळ्यातल्या कुत्र्याचं रक्त तपासायला कुठं धाडू, तुझ्या प्रयोगशाळेत? तिथं बेडूक तरी धड हाय का?"

हे भांडण आपण कुठं कुठं नेलं. नांदेडला, लातूरला, तुझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत. ते मिटवायची घाई दोघांनाही नव्हती.

लातूरची गोष्ट मात्र मी तुला कधी भांडणात काढून दाखवली नाही. तुझी तिकडे बदली झाली होती, आणि मी आठवड्यातून दोन दिवस क्लासमध्ये शिकवायला यायचो. गावभर खोल्या भाड्यानं निघाल्या होत्या. आपल्या ओळखीच्या अप्पांनी आडतीच्या दुकानावर दोन मजले चढवून मुलं ठेवली. मीही तिथंच उतरायचो. कपाळाला भस्म लावून अप्पा सकाळी जिन्यात बसायचे आणि वर-खाली करणाऱ्या प्रत्येक पोराला विचारायचे, "पोर्शन कुठवर आला?" त्या वर्षी सगळ्या क्लासांचा एकच मंत्र होता. दिवाळीच्या आत पोर्शन संपवायचा, मग पुढं नुसते सराव पेपर. मेसमध्ये, पानपट्टीवर, आरतीनंतर देवळात सुद्धा तेच.

अप्पांची राखणीची कुत्री व्याली. तू त्यांना वेळ सांगितलीस, दोन महिने होऊ द्या, मी येतो. अप्पांना ती चालढकल वाटली. त्यांनी इकडून तिकडून माणसं बोलावून, पिल्लांना नीट पळताही येत नव्हतं तेव्हाच, आठवड्या-आठवड्याला सुया टोचून घेतल्या. तू आलास तेव्हा जिन्यातूनच हसत म्हणाले, "डाक्टर, तुम्ही उगं लांबवत होता. मी सगळा कोर्स दिवाळीच्या आत संपवला. आता नुसती रिविजन."

तू म्हणालास, "अप्पा, परत द्याव्या लागतील."

"पास झालेल्या पोराला परत बसवता का?"

मुलं हसली. मीही हसलो. अप्पांनी काही परत देऊ दिलं नाही. महिन्याभरात पिल्लांना रक्ताची हगवण लागली. जिन्याच्या गजाला सलाईनच्या बाटल्या टांगून तू बसलास, डॉक्टर व्हायला आलेली पोरं आळीपाळीनं नळ्या धरत होती. तीन गेली, बाकीची तू ओढून आणलीस. अप्पा दुकान बंद करून शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, "मी तर तीन-तीन सुया दिल्या हो. मग कशानं?"

तू मामीला सांगितलं होतंस तेच सांगितलंस. ते ऐकून अप्पा म्हणाले, "शिवा शिवा. म्हणजे आईनंच मारलं म्हणा की."

"न्हाई हो अप्पा. तिनं राखायचं तेवढं राखलं. ती घरात असताना आपण दार वाजवून आलो, आणि ती बाहेर पडली तेव्हा आपण गेलोच न्हाई."

अप्पांनी कुत्री आणि उरलेली पिल्लं उदगीरकडच्या भावाच्या मळ्यात पाठवली. दारात पुन्हा कुत्रं बांधलं नाही. संध्याकाळी गंजगोलाईच्या बाजारात चहा पिताना मी बोलायला लागलो. पंधरा-सोळा वर्षांची ही पोरं, आईपासून तोडून आणलेली, वगैरे. तू मला मध्येच तोडलंस. "मास्तर, कुत्र्याचं कुत्र्यापाशी ठेव. सगळ्यातून माणसाचा धडा काढायची तुझी खोड वाईट हाय." पुढं तू तुझ्या मुलीला दहावीनंतर त्याच गल्लीत खोली करून दिलीस. ती छान शिकली, रविवारी फोनवर रडायची, आणि सोमवारी क्लासला जायची. मी तेव्हा त्यातून धडा काढला नाही. आजही त्यातून मी काही काढत नाही. तुला एवढंच सांगायचं होतं.

आपण निवृत्त झालो, नांदेडला परत आलो, विष्णुपुरीच्या रस्त्याला तू घर बांधलंस. मैना व्याल्याचं अप्पांना कोणी सांगितलं कोण जाणे. त्यांचा फोन आला तेव्हा मी समोर होतो. बायको गेल्यापासून त्यांचा आवाज बारीक झालाय. "डाक्टर, एक द्या मला. ह्या बारीला तुमच्या हातानं. मी मध्ये येत न्हाई." तू म्हणालास, "शेवटची सुई झाली, अंगी लागली, की मी स्वतः आणून देतो."

पहिली सुई तू दिलीस, पलंगावर बसून. खाली बसवत नव्हतं तुला. मी एकेक पिल्लू धरत होतो आणि दर पिल्लामागं तू दम घेत होतास. झाल्यावर तू मला फ्रिजपाशी नेऊन बाटल्या कुठं ठेवल्यात ते दाखवलंस. म्हणालास, "बाकीच्या दोन चुकवू नको." आणि मी, वसंता, सवयीनं म्हणालो, "ही तर वायाच गेली असणार." तू म्हणालास, "असंल." कधी नव्हे ते तू पुढं भांडला नाहीस. त्याच आठवड्यात तू गेलास. तुला कळलं होतं का, हे मी स्वतःला विचारत बसतो. विचारून काही हाती लागत नाही. फ्रिजपाशी उभं राहून मी तुला 'तुझं काय चाललंय' एवढं विचारलं असतं तर तू बाटल्यांबद्दलच बोलला असतास, हेही मला माहीत आहे.

दुसरी सुई अश्विनीनं दिली. माझी विद्यार्थिनी, आता इथंच तिचा दवाखाना आहे. त्यानंतर तीन पिल्लं ओळखीच्या घरी गेली, त्या घरांत आवार बंद होतं आणि तिसऱ्या सुईला पिल्लू घेऊन येण्याचा शब्द मी घेतला होता. राहिलं ते अप्पांचं. त्यांचा एक दिवसाआड फोन. "मास्तर, पिल्लू कवा?" मी विचारलं, गल्लीत काय हालहवाल. म्हणाले, समोरच्यांचं एक कुत्र्याचं लेकरू परवा रक्त हगून गेलं. म्हणजे मातीत तो रोग होता, आणि मातीत तो महिनोन् महिने राहतो. मी म्हणालो, अप्पा, अजून नाही. ते म्हणाले, "मी मध्ये येत न्हाई म्हणालो होतो. न्हाई येत. पण माझं बी वय बघा."

मी सकाळ-संध्याकाळ तुझ्या घरी जायचो, पिल्लाला उचलून गच्चीवर न्यायचो. रस्त्याची माती त्याच्या पायाला लागू द्यायची नाही, एवढं सांभाळायचं. गुडघे बोलायला लागले. वहिनी एकदा जिन्याच्या खाली उभ्या राहून म्हणाल्या, "घरातलं माणूस गेलंय, भाऊजी, आणि तुम्ही कुत्र्याच्या तारखा मोजताय. तुम्ही दोघं सारखेच." त्यांचं बरोबर होतं. मी पिल्लू घेऊन वर गेलो.

मग एका दुपारी त्याला उलटी झाली. खाईना, पोट फुगलेलं, शी पातळ. मी फोनवर अश्विनीला काय सांगितलं आठवत नाही. रिक्षा आली तेव्हा वहिनी आधीच पदरात पिल्लू घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. वाटेत त्या एकच म्हणाल्या, "हे नाही जाऊ द्यायचं." दवाखान्यात अश्विनीनं त्या हगवणीच्या रोगासाठी पट्टीवर शी तपासली. आम्ही तिघं त्या पट्टीकडे बघत उभे. रोगाची रेघ उमटली नाही. "जंत आहेत, सर," ती म्हणाली. "आणि याला कोणी तरी पुरणपोळी खाऊ घातलीय."

वहिनी हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाल्या, "एवढासा तुकडा दिला होता." मग तिथंच बाकावर बसून बराच वेळ रडल्या.

सावरल्यावर त्यांनी विचारलं, "दोन सुया झाल्यात ना? मग पुरे की. कशाला जिवाला घोर? आजच पाठवून देऊ अप्पांकडे."

मी म्हणालो, "वहिनी, वसंतानं मैनाला कधी सुईविना ठेवलं नाही. तिच्या अंगात ताकद भरपूर. तिनं पिल्लांना दिली तीही भरपूर. ती लवकर उतरत नाही, आणि उतरेपर्यंत लस लागू देत नाही. दोन्ही सुया तिनं अडवल्या असतील."

"म्हणजे यांनी चांगलं केलं म्हणून हे लांबलं?"

"हो."

"यांचं सगळं असंच," वहिनी म्हणाल्या.

मी म्हणालो, "लागली असेलही. पण नसेल लागली तर? चारांतलं ते एक हेच नसेल कशावरून?" अश्विनी माझ्याकडे बघायला लागली. "सर, वर्गात तुम्ही हे एका ओळीत उरकलं होतं." मी म्हणालो, एका मार्काचं होतं. ती म्हणाली, "आत्ता जे बोललात ते तुमचं नाही. डॉक्टरकाकांचं आहे."

होतं तुझंच. तू असताना तुझी बाजू मांडायची मला कधी गरज पडली नाही, ती मांडायला तू होतास. आता ती रिकामी पडली, तर मी जाऊन तिथं उभा राहिलो. याचा अर्थ मला सगळं पटलं असा धरू नकोस. पहिल्या सुईबद्दल मला अजून बोलायचं आहे, आणि कोणाशी बोलू हे कळत नाही. एवढी वर्षं एका माणसाशी एकच भांडण करायला मिळालं, याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. तू ते मानू दिले नसतेस म्हणा.

चौथा महिना भरला आणि तिसरी सुई झाली. त्यानंतरही मी दोन आठवडे थांबलो, कारण सुई टोचली म्हणजे अंगी लागली असं नसतं. परवा मी त्याला घेऊन लातूरला गेलो. वहिनींनी अप्पांसाठी धपाटे बांधून दिले आणि फाटकातूनच आत वळल्या. वाटेत अहमदपूरला चहाला थांबलो, तेव्हाही पिल्लू टोपलीत माझ्या मांडीवर. आता ते चांगलं जड झालंय.

अप्पांची गल्ली ओळखू येत नाही. दोन्ही बाजूंना फलक, फलकांवर पहिल्या आलेल्या मुलांची तोंडं, पाठीला दप्तरं लावलेल्या पोरांची रांग. अप्पा पायरीवर बसले होते. मी टोपली त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी पिल्लू बाहेर काढून छातीशी धरलं. खाली ठेवेनात. मुलं येत-जात होती, कोणी तरी म्हणालं, "अप्पा, सोडा की त्याला."

अप्पा मला म्हणाले, "माती तीच हाय, मास्तर. आता याला काही होणार न्हाई ना?"

मी आयुष्यभर तुझ्याकडे पक्कं उत्तर मागत आलो. आता ते माझ्याकडे कोणी मागत होतं. मी म्हणालो, "करायचं ते सगळं झालंय, अप्पा. वसंतानं सुरू केलं होतं, ते पुरं झालंय. यापुढचं मला माहीत नाही."

अप्पांनी मान हलवली. पण हात सैल होईनात. मग मीच ते पिल्लू त्यांच्याकडून घेतलं, पायरीच्या खाली वाकलो आणि गल्लीत ठेवलं. ते जागच्या जागी थरथरत उभं राहिलं. पायाखाली काय आहे हे त्याला समजेना. मग नाक खाली लावून त्यानं हुंगलं, एक पाऊल टाकलं, पुन्हा हुंगलं. माझे दोन्ही हात त्याच्या दोन बाजूंना तसेच होते, वसंता. ते त्यांच्यामधून पुढं निघून गेलं.